शेजारणीने मागितलेला मॅप

मागच्या जानेवारीत एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि दारात शेजारच्या आजी, पायात घरातल्याच सपाता. "किचनभर पाणी झालंय," म्हणाल्या, "तुझ्याकडे मॅप आहे का?"

मी दोन क्षण तशीच उभी. फोनवर रस्ते दिसायला लागल्यापासून आमच्या घरात कागदी नकाशा राहिलेला नाही. आणि किचनात पाणी झाल्यावर नकाशा घेऊन ही बाई जाणार कुठे? तेवढ्यात मागून नवरा आला, गराजमधला फरशी पुसायचा मॉप आणून त्यांच्या हातात दिला आणि दार लागल्यावर मला म्हणाला, "सात वर्षं औषधांच्या दुकानाच्या खिडकीवर बसून लोकांचं बोलणं ऐकलंस ना तू?"

याच आजींनी, आम्ही मिशिगनला राहायला आलो त्या आठवड्यात, माझ्या लेकीचं बोलणं ऐकून गालावर हात ठेवला होता. "किती गोड ॲक्सेंट! टेनेसीचा ना? आम्हा मिशिगनवाल्यांना बघ, ॲक्सेंटच नाही. टीव्हीवर बातम्या देतात ना, तसं आमचं सरळ."

डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलंड, बफेलो ही जी मोठ्या तळ्यांकाठची शहरं आहेत, तिथल्या जुन्या गोऱ्या मंडळींचे स्वर एकमेकांना ढकलत सरकले आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मॉप हा शब्द आपल्या 'माप'सारखा ऐकू येतो. इथे तो 'मॅप'कडे झुकतो. मग खऱ्या मॅपला जागा उरत नाही, तो होतो 'मियॅप'. ॲन नावाची बाई होते 'इयॅन'. लोकलमध्ये चौथ्या सीटवाल्याने "जरा सरकून घ्या" म्हटलं की बाकावरचे सगळेच थोडे थोडे सरकतात, तसं. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने अख्खं आयुष्य असल्या सरकासरकीच्या नोंदी करण्यात घालवलं आणि 2006 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर उत्तर अमेरिकेच्या उच्चारांचा मोठा नकाशासंग्रह काढला. (तोही मॅपच.) नव्या पिढीत हे कमी होत चाललंय. लेकीच्या वर्गातली मुलं असं बोलत नाहीत. आजी बोलतात, आणि त्यांना ते ऐकू येत नाही.

मिशिगनला आम्ही 2022 मध्ये आलो. त्याआधीची अकरा वर्षं टेनेसीत, नॉक्सव्हिलला, स्मोकी डोंगरांच्या पायथ्याशी. स्मोकी ज्या मोठ्या डोंगररांगेत येतात, तिच्या सगळ्या मुलखाला तिथले लोक 'ॲपलॅचा' म्हणतात आणि बाहेरचे 'ॲपलेशा'. तुम्ही 'ले' म्हटलंत की पुढचं काही सांगायची गरज नाही, बाहेरचे ठरलात. जवळच्या एका गावाच्या पाटीवर मेरीव्हिल लिहिलेलं, म्हणायचं 'मर्व्हल'.

मी तिथे गेले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे काम करायची परवानगी नाही. 2015 मध्ये या एच-फोर व्हिसावरच्या काही बायकांसाठी नियम बदलला आणि मी एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन म्हणून लागले. बी.फार्म. पुण्याचं होतं खरं, पण इथे फार्मासिस्ट व्हायचं तर परत परीक्षांची रांग. टेक्निशियन म्हणजे गोळ्या मोजायच्या, इन्शुरन्सवाल्यांशी भांडायचं आणि ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीवर उभं राहायचं. गाडीतला माणूस बाहेर, मी आत, मध्ये जाड काच आणि खरखरणारा स्पीकर. चेहरा अर्धवट दिसतो. येतो तो आवाज.

पहिल्याच आठवड्यात एकाने आडनाव सांगितलं 'मार्झ'. मी एम-ए-आर-एस टाकलं. नाही. दोन आर टाकले. नाही. मागे चार गाड्या. शेवटी स्पेलिंग विचारलं तर निघाले मायर्स. दक्षिणेकडे 'आय' असा सपाट होतो: नाइसचा 'नाऽस', फायरचा 'फार', टायरचा 'टार'. आणि 'न', 'म'च्या आधीचा 'ए' जाऊन तिथे 'इ' बसतो. टेन म्हणजे टिन, बेन म्हणजे बिन, पेन म्हणजे पिन. मग टाचणी हवीय की लिहायचं पेन हे कळावं म्हणून लोक सरळ 'इंक पिन' म्हणतात.

शब्दही वेगळे. बटण दाबणं म्हणजे मॅश करणं. सामानाची ढकलगाडी म्हणजे बगी. डोंगरातून आलेल्या एका म्हातारीने कागदी पिशवीसाठी 'पोक' मागितला तेव्हा मी फार्मासिस्टला बोलवायला गेले होते. आणि मधुमेहाला काय म्हणतात, तर शुगर! "आय गॉट द शुगर." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम आमच्या अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. ब्लडप्रेशर असेल तर 'हाय ब्लड'. कॉलेजात पाठ केलेली नावं कुठल्या कुठे गेली. आपल्याकडे "यांना शुगर आहे" म्हणतात, तेच, तसंच.

आमचे एक फार्मासिस्ट ओहायोचे होते. माणूस हुशार, हाताखालच्यांना सांभाळून घेणारा, पण खिडकीची काच सरकली की गिऱ्हाइकाची नक्कल सुरू. तो हेल, ते लांबवलेले स्वर, तोंड जरा उघडं ठेवून. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच. हसणारे कोण आणि ज्यांना हसायचं ते कोण, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं आणि मला हसणाऱ्यांत राहायचं होतं. मी सुट्टीवर असताना ते माझी नक्कल करत असणार, हे सुचायला मात्र दोन वर्षं लागली.

एक गिऱ्हाईक मला अजून आठवतं. साठीपुढचे गृहस्थ, जुना पिकअप ट्रक, डोक्यावर टोपी, बोलणं इतकं संथ की वाक्याच्या मध्यात माझा एक फोन घेऊन होईल. इन्सुलिन हवं होतं. कंप्युटर म्हणाला, अजून वेळ झालेली नाही, पाच दिवसांनी या. मी त्यांना ते समजावून सांगायला लागले. कसं? लहान मुलाला सांगतात तसं. एकेक शब्द तोडून, बोटं दाखवून. "बाटली, तीस दिवसांची. आज, पंचविसावा दिवस."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच संथपणे म्हणाले, "बाटली दहा एमएलची. एका एमएलमध्ये शंभर युनिट. म्हणजे झाले हजार. मी घेतो रोज चाळीस. हजार भागिले चाळीस किती होतात, डार्लिन?"

पंचवीस. मीच डेज सप्लायच्या रकान्यात तीस टाकलं होतं. इन्शुरन्स नाही म्हणत होता तो माझ्या चुकीमुळे. फार्मसीतली अगदी प्राथमिक चूक, आणि ती मी केलेली, आणि वर बोटं दाखवून त्यांनाच शिकवत होते. ते गेल्यावर शेजारची टेक्निशियन म्हणाली, "ओक रिजला तीस वर्षं इंजिनिअर होते ते."

ओक रिज म्हणजे नॉक्सव्हिलच्या जवळचं ते गाव, जिथे दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी युरेनियम तयार झालं आणि जिथे आज अमेरिकेतली एक मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. त्या प्रयोगशाळेने 2014 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी एक वर्ग ठरवला होता: दक्षिणी ॲक्सेंट कमी करायचा वर्ग. एका कर्मचाऱ्यानेच मागणी केली होती म्हणे. पत्रक फिरलं आणि लोक भडकले, आम्ही काय तोतरे आहोत का म्हणून. वर्ग रद्द झाला, पेपरात बातम्या आल्या. तेव्हा मी घरी होते, लेक दोन वर्षांची, आणि ती बातमी वाचून मला वाटलं होतं, एवढं चिडण्यासारखं काय आहे त्यात? चांगलं फुकट शिकवत असतील तर शिकावं की. इन्सुलिनवाल्या आजोबांनंतर मी असं म्हटलं नसतं.

राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर नेव्हल अकॅडमीतून शिकलेले, आण्विक पाणबुड्यांच्या कामावर असलेले. पण बोलणं जॉर्जियाचं, म्हणून टिंगल करणाऱ्यांना ते कायम शेंगदाणे पिकवणारेच राहिले. उलटही एक सांगतात, की डोंगरातले लोक अजून शेक्सपिअरच्या काळची इंग्रजी बोलतात. मला हे ऐकायला आवडायचं, मी दोन-चार जणांना ठोकूनही दिलं. पण भाषेचे अभ्यासक ते मानत नाहीत. भाषा तिथेही बदलत राहिली, इतर ठिकाणी बदलली तशी. कौतुक करायचं तर माणसाला संग्रहालयातल्या काचेत बसवूनच करायचं, हीही एक तऱ्हाच.

लेक तिथेच जन्मली आणि तिथलंच बोलली. तिची पहिली पुस्तकं गायिका डॉली पार्टनने पाठवली. खरंच. डॉली नॉक्सव्हिलच्या शेजारच्या सेव्हिअर काउंटीची. तिने 1995 मध्ये तिथल्या मुलांसाठी एक योजना सुरू केली: जन्मापासून पाच वर्षांपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक पोस्टाने, फुकट, मुलाच्या नावाने. पुढे ती सगळ्या टेनेसीत पसरली. आमच्या पेटीत महिन्याच्या महिन्याला लेकीच्या नावाचं पुस्तक यायचं आणि मी ते माझ्या मराठी इंग्रजीत वाचून दाखवायचे. ती शाळेत जायला लागल्यावर तेच पुस्तक तिने मला वाचून दाखवलं, सगळे 'आय' आडवे पसरून. मी चूक सुधारली, "नाइट म्हण." ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय. नाऽट."

मोठ्यांना उत्तर देताना "यस मॅम", "नो सर" हे तिच्या तोंडात श्वासासारखं बसलेलं. मिशिगनला आलो तेव्हा ती दहा वर्षांची, पाचवीत. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी मला भेटायला बोलावलं. मुलगी चांगली आहे, पण प्रत्येक गोष्टीला "यस मॅम" म्हणते, ते जरा उर्मटपणाचं वाटतं, घरी काही बिनसलंय का? मी बघतच राहिले. तिकडे न म्हणणारं पोर उर्मट, इकडे म्हणणारं.

तिसऱ्या आठवड्यात 'यॉल' (म्हणजे तुम्ही सगळे) गेलं, 'यू गाइज' आलं. पेन सरळ पेन झालं. 'नाइट'मध्ये वळण आलं. तिला कुणी वर्गात बसवलं नव्हतं, कुणी चिडवलंही नव्हतं म्हणे. "कशाला गं बदललंस?" मी विचारलं. "तसं बोललं की सगळे 'ऑऽऽ' करतात," ती म्हणाली. "कुत्र्याचं पिल्लू बघितल्यासारखं."

कॅथरीन किंझलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकारी संशोधिकेबरोबर 2013 मध्ये इलिनॉय आणि टेनेसीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच-सहा वर्षांच्या मुलांना उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या आवाजांबद्दल काही ठाम मत नव्हतं. इलिनॉयच्या मुलांना मित्र आपल्यासारखा बोलणारा बरा वाटे, एवढंच. नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र, दोन्हीकडची, सांगत होती: उत्तरेसारखं बोलणारा हुशार, दक्षिणेसारखं बोलणारा चांगल्या स्वभावाचा. दोन्हीकडची हे महत्त्वाचं. टेनेसीचं पोरसुद्धा दहाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या आईच्या बोलण्याला 'चांगलं पण कमी हुशार' अशा खणात टाकून मोकळं होतं. लेक बरोबर त्याच वयात इकडे आली.

मी तिला काही बोलू शकले नाही, कारण मी हेच केलं होतं. मी अठरा वर्षांची असताना, पुण्यात. होस्टेलच्या पहिल्या रात्री "मले झोप येऊन राहिली" म्हणाले आणि तिघी रूममेट उशीत तोंड घालून हसल्या. वाईट नव्हत्या त्या, त्यातली एक अजून माझी मैत्रीण आहे. पण "परत म्हण ना, परत म्हण ना" हे दोन महिने चाललं, आणि दिवाळीपर्यंत माझं 'मले' 'मला' झालं, 'काऊन' 'का' झालं. दिवाळीला घरी गेले तर आजी चुलीपाशी बसल्या बसल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "कशी बोलून राहिली व माय तू? पेपर वाचल्यासारखी."

आता घरी मी वऱ्हाडी बोलायला गेले तर मलाच ते नाटकातल्यासारखं वाटतं. नवरा मिरजेचा, तो तर हसतोच.

मिशिगनचं हे 'आम्हाला ॲक्सेंट नाही' प्रकरण शेजारच्या आजींच्या एकटीचं नाही. डेनिस प्रेस्टन म्हणून भाषाशास्त्रज्ञ आहेत, ते इथल्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात बरीच वर्षं होते. ते लोकांना अमेरिकेचा कोरा नकाशा द्यायचे आणि सांगायचे, कुठे लोक वेगळं बोलतात तिथे रेघा मारा. मग कुठलं बोलणं शुद्ध, कुठलं ऐकायला गोड, याला गुण द्या. मिशिगनवाल्यांनी शुद्धतेत आपल्या राज्याला सगळ्यांच्या वर ठेवलं आणि दक्षिणेला तळाशी. दक्षिणेच्या लोकांनी शुद्धतेत स्वतःला तसे गुण दिले नाहीत, पण गोडव्यात कसर ठेवली नाही. वाटणी झालेली आहे: अक्कल तुम्ही घ्या, गोडवा आम्ही ठेवतो.

दुसरा एक प्रयोग मला त्याहून आवडतो. 1999 मध्ये छापलेला, डेट्रॉइटमधला. (डेट्रॉइटहून कॅनडा दक्षिणेला आहे, नदीपलीकडे. इथे येईपर्यंत मला हे खरं वाटलं नसतं.) डेट्रॉइटच्याच एका बाईच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग डेट्रॉइटच्या लोकांना ऐकवलं. अर्ध्यांच्या कागदावर लिहिलं होतं 'मिशिगन', अर्ध्यांच्या 'कॅनडा'. आवाज तोच. ज्यांना ती कॅनडाची आहे असं सांगितलं, त्यांना तिच्या 'हाउस'मध्ये कॅनेडियन लोकांचा म्हणून प्रसिद्ध असलेला स्वर ऐकू आला. ज्यांना ती इथलीच सांगितली, त्यांना नाही. माणूस कानाने ऐकतो की कागदावरच्या नावाने, सांगा.

तो स्वर खरा तर तिच्यात होताच. इथल्या कित्येकांत आहे.

इकडेही मी औषधांच्याच दुकानात आहे. नव्या दुकानातल्या पहिल्या महिन्यात, स्पीकरवर एक म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला: "बेबी, आय गॉट द शुगर." माझ्या हातातली गोळ्यांची ट्रे तशीच राहिली. डेट्रॉइटमध्ये, टेनेसीचा आवाज! काचेतून वाकून पाहिलं तर कृष्णवर्णीय आजी. त्यांचे वडील अलाबामातून मोटारीच्या कारखान्यात कामाला आले होते, त्या सांगत होत्या. लाखो लोक तसे दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत आले आणि बोलणं बरोबर घेऊन आले. मी त्यांच्याशी उगाच पाच मिनिटं बोलत राहिले. "मॅश द बटन" म्हणाले तर त्या हसल्या, "हू टॉट यू दॅट?"

पण आतल्या बाजूला चाललेलं मला दिसत होतं. याच दुकानात माझ्या लेकीचं 'यॉल' ऐकून 'ऑऽऽ' करणारी बाई हा आवाज आला की ओठ आवळते आणि फोन दुसऱ्याकडे देते. शब्द तेच, स्वर बरेचसे तेच. जॉन बॉ या भाषाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घरं भाड्याने मागण्यासाठी फोन केले होते. बोलणारे स्वतः बॉच, पण तीन ढंगांत: एकदा गोऱ्यांसारखं, एकदा काळ्यांसारखं, एकदा मेक्सिकन वंशाच्या लोकांसारखं. जिथे गोरी वस्ती जास्त, तिथे पहिल्या आवाजाला घर बघायला बोलावणं यायचं, बाकीच्या दोघांना फारच कमी. घरमालकाने तोंडही पाहिलेलं नाही. हा अभ्यासही 1999 चाच. म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण या गमतीजमतीच्या खाली एक दुसरं खातं आहे, आणि तिथे कुणी 'गोड' वगैरे म्हणत नाही.

माझं स्वतःचं बोलणं कुठल्या खात्यात जातं? नॉक्सव्हिलला एकाने काचेवर टकटक करून "इंग्लिश येणारं कुणी आहे का" विचारलं होतं, तेही अशा इंग्लिशमध्ये की त्याची नक्कल आमच्या ओहायोवाल्यांनी नंतर आठवडाभर केली. त्या आठवड्यात मी हसले नाही, एवढं स्वतःच्या बाजूने सांगते.

गेल्या जुलैत आम्ही नॉक्सव्हिलला गेलो. डेट्रॉइटहून आय-75 धरला की टोलिडो, सिनसिनाटी, लेक्सिंग्टन करत सरळ खाली. केंटकीत जेवायला थांबलो. वेट्रेस आली, पन्नाशीची, पेन्सिल केसात खोचलेली. "व्हॉट कॅन आय गिट यॉल, हन?"

लेक आता तेरा वर्षांची, गाडीत सहा तास कानात इअरफोन घालून गप्प. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आऽल हॅव स्वीट टी, मॅम." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मेन्यू वाचत असल्यासारखं केलं.

"वेअर यॉल फ्रॉम?" वेट्रेसने विचारलं.

"नॉक्सव्हिल," लेक म्हणाली. तीन वर्षं मिशिगनला राहून.

वेट्रेसने माझ्याकडे पाहिलं. तिला ते तेवढ्यावर पटलेलं दिसत नव्हतं. "अँड यू, हन?"

मी म्हटलं, "अकोला."

तिचा चेहरा एकदम उजळला. "ओकाला! माझी बहीण राहते तिथे!" ओकाला फ्लोरिडात आहे, त्याच आय-75 वर, खूप खाली. बहिणीचे घोडे, तिथली उष्णता, गेल्या वर्षीचं वादळ, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "आता लक्षात आलं, म्हणून तुझं बोलणं असं आहे होय."

"यस मॅम," मी म्हणाले.